इटलीचं आगळ

सांत अंब्रोजो, वेरोनाजवळ
५ नोव्हेंबर १९६७

हाफिजाआपा,

अस्सलामु अलैकुम. मी सुखरूप पोचलो. बैरूतपर्यंत विमान, तिथून मिलान, मग आगगाडी. सगळ्या प्रवासात पासपोर्ट बनियनच्या आत शिवून ठेवला होता. भाऊजींना सांग, त्यांनी दिलेला कोट अंगात ढगळ होतो, पण त्याशिवाय मी इथे गोठलो असतो.

या भागाला वल्पोलिचेल्ला म्हणतात. डोंगराच्या अंगावर दगडाच्या खाणी आणि खाली द्राक्षांचे मळे. आपल्या मोहिद्दीनशेठनी दुबईला देऱ्यात मशीद बांधायला घेतली आहे, तिच्या वजूच्या हौदासाठी इथला तांबूस दगड हवा आहे. प्रत्येक लादी कापताना समोर उभं राहायचं, नंबर घालायचा, खोक्यात भरून घ्यायची, हे माझं काम. पण आपा, या दगडात गोगलगायीसारखी चित्रं निघतात. हजारो वर्षांपूर्वीचे शिंपले आहेत म्हणे. मशिदीत जिवाची आकृती कशी चालेल? मी प्रत्येक लादी दोन्ही बाजूंनी ओली करून पाहतो आणि शिंपला दिसला की बाजूला ठेवतो. कारागीर वैतागतात. वैतागू देत.

खाणीच्या मुकादमाच्या घरी राहतो. त्याचं नाव ग्वीदो. लढाईत तो हिंदुस्थानात कैदी होता, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलतो. स्टेशनवर त्यानेच 'चलो बाबू' म्हणून हाक मारली तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं. पण सुवेझ कालवा बंद असल्याने आपला दगड आफ्रिकेला वळसा घालून येणार, त्याच्या जहाजासाठी तो जिनोव्हा बंदराला गेला आहे, नाताळापर्यंत परतायचा नाही. घरात त्याची म्हातारी सासू. सगळे तिला नोन्ना म्हणतात, म्हणजे आजी. आमचं बोलणं सगळं खुणांवर. डुक्कर कोणतं ते तिने नाकाने आवाज करून समजावलं आणि तो भाग माझ्या ताटात येत नाही. जेवताना टेबलावर काचेचा मोठा जग असतो, त्यातली लाल दारू हे लोक पितात. मी खुर्ची जरा लांब सरकवून बसतो.

एक गोष्ट मात्र बघून घरची आठवण झाली. माळ्यावर काटक्यांचे मांडव आहेत, एकावर एक, छपरापर्यंत. त्यावर काळ्या द्राक्षांचे घड पसरून वाळत घातलेले. खिडक्या उघड्या, वारा आरपार. आगोटीच्या आधी अम्मा आमसुलं वाळवायची ना, अगदी तसं. यांचा पावसाळा म्हणजे बर्फ, त्याचीच ही बेगमी असणार. नोन्नाचे गुडघे दुखतात, म्हणून संध्याकाळी मी तिच्याबरोबर घड उलटतो, बुरशी धरलेले मणी काढून टाकतो. तेवढंच घरात असल्यासारखं वाटतं.

भाऊजींना सलाम.

तुझा,
युसुफ

*

देरा, दुबई
१८ नोव्हेंबर १९६७

युसुफ बाळा,

वालेकुम सलाम. तुझं पत्र म्हणजे मास्तरांनी तपासून दिलेलं! एक वेलांटी चुकलेली नाही. सातवीत शाळा सुटली म्हणून रडायचास, पण तुझे भाऊजी बदरुद्दीन म्हणतात, कस्टममधले मॅट्रिकवाले असं लिहीत नाहीत.

आता बसून वाच. परवा खैरुद्दीनचाचा घरी आले. मीच मनात म्हटलं, जमातीचा पेशइमाम आपल्या दारात, काय चुकलं? तर म्हणाले, "पोरगा नेक आहे असं ऐकतो. दगडातला शिंपलासुद्धा मशिदीत येऊ देत नाही म्हणे." मी तुझं पत्र बदरुद्दीनना वाचून दाखवलं होतं, त्यांनी अब्रा होडीत बसल्या बसल्या अर्ध्या खाडीला सांगितलं! मग चाचांनी आपल्या लेकीचं, अन्वरीचं नाव काढलं. हो, तीच. पाणी भरायला जाताना जिच्याकडे तू बघायचा नाहीस, इतका बघायचा नाहीस की मला कळायचं.

चाचांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आहेत. घरचं सगळं वाचणं-लिहिणं अन्वरी करते. आणि घरात शब्द चालतो तो चाचांच्या आईचा, मैमुनाबीचा. म्हातारी मान्य झाली की खलास, मंगनी ठरली. रमजान तोंडावर आहे. आपल्या गल्लीतला हारुनभाई मशीन बघायला तिकडे मिलानला आलाय ना? तो परत येईल त्याच्याबरोबर मैमुनाबीसाठी काहीतरी पाठव. महाग नको. घरगुती, जिभेला बरं वाटेल असं. तिला भूक लागत नाही, झोप येत नाही, ही एकच तक्रार. यल्ला, लवकर.

आपा

*

सांत अंब्रोजो
२६ नोव्हेंबर १९६७

हाफिजाआपा,

तुझं पत्र मिळालं. एकदा उत्तर लिहून फाडलं, हे दुसऱ्यांदा लिहून काढतो.

तू म्हणालीस तशीच वस्तू मिळाली. मागच्या आठवड्यात मला ताप आला होता. नोन्नाने कपाटातून एक बाटली काढली आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात ओतून दिलं. रंग आपल्या कोकमाच्या आगळासारखा, तोच गडद लाल. वास वाळलेल्या फळाचा. पण आगळ खारट असतं, हे गोड, आणि तिने वर बोट करून माळा दाखवला. म्हणजे त्या वाळवलेल्या द्राक्षांचंच आगळ. मी घाबरत जेवणाच्या टेबलावरच्या दारूच्या जगाकडे बोट दाखवून विचारलं, हे तेच का? तर म्हातारी इतकी रागावली! दोन्ही हात हलवले, जगाला नाक मुरडलं, बाटली छातीशी धरली. दोन्हींची बरोबरी केल्याचाच तिला राग आला. मग माझी खात्री पटली. प्यायल्यावर अंगात ऊब आली, ताप उतरला आणि गाढ झोप लागली.

मी तिला खुणेने सांगितलं, दुबईत एक म्हातारी आजी आहे, तिला भूक नाही, झोप नाही. तिने लगेच एक भरलेली बाटली दिली, बूच सुतळीने बांधून. हारुनभाईला ती कपड्यांत गुंडाळून दिली आहे. बाटली उभीच ठेव. उन्हात ठेवू नकोस. तीन-चार चमचे गार पाण्यात घालून इफ्तारीच्या वेळी द्यायचं. मीठ-जिरं घालू नये. चमचा कोरडा असावा.

मैमुनाबींना आवडलं का, ते लगेच कळव.

युसुफ

*

देरा, दुबई
१४ डिसेंबर १९६७

युसुफ,

मुबारक हो! काल आम्ही इफ्तारीला चाचांकडे गेलो होतो. मैमुनाबीने खजूर तोंडात टाकला आणि अन्वरीने तिच्यापुढे तुझ्या आगळाचा पेला ठेवला. मला वाटलं होतं, इटलीचं म्हणजे काही निराळं दिसेल. रंग अगदी आपल्या घरच्यासारखा! म्हातारीने एका दमात पेला रिकामा केला आणि म्हणते कशी, "आपल्या आमसुलांना ही चव कुठली गं! फिरंग्यांची जमीनच वेगळी." आता ती रोजा त्यावरच सोडते. भूक लागते, झोप लागते. येईल त्या बाईला सांगते, माझ्या होणाऱ्या नातजावयाने पाठवलंय. नातजावई म्हणाली, ऐकलंस? आणि बाटलीला केवढी बरकत, इतके दिवस झाले तरी अर्धीसुद्धा झाली नाही.

अन्वरी मात्र खाली मान घालून ओढणीत हसत होती. लाजते पोर.

चाचा म्हणाले, ईद होऊ दे, तो आला की इन्शाल्ला मंगनी. मी शिऱ्यासाठी रवा आत्ताच घेऊन ठेवला.

आपा

*

सांत अंब्रोजो
२३ डिसेंबर १९६७

आपा,

हे पत्र एकटी असताना वाच. दार लाव.

आज ग्वीदो जिनोव्ह्याहून परत आला. मी माळ्यावर घड उलटत होतो. तो जिना चढून आला, माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "अरे बाबू, तुम तो रोजेदार आदमी. तुम ये काम क्यूं करता?"

मी म्हटलं, "मनुका आहेत, नोन्नाचे गुडघे दुखतात."

"मनुका?" तो खाली बसला. "मनुका नहीं, बाबू. ये सूखेगा, जनवरी में कुचलेगा, फिर पीपा में डालेगा. ये शराब है. हमारा सब से अच्छा शराब."

मला वाटलं तो थट्टा करतो आहे. मी त्याला बाटलीचं सांगितलं, कपाटातली, गोड. म्हटलं, टेबलावरच्या जगातली आहे ती दारू, ही नाही, म्हातारी स्वतः रागावली होती. त्यावर तो आधी हसला. "वो भी दारू, ये भी दारू. ये उसकी बडी बहन है! इसलिए गुस्सा किया." मग माझं तोंड बघून त्याचं हसणं थांबलं. त्याने टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला, मयताला आल्यासारखा.

आपा, तुला न लिहिलेली एक गोष्ट आहे. रमजान लागल्यापासून नोन्नाला वाटतं, मी दिवसभर जेवत नाही म्हणजे आजारी आहे. सूर्य मावळला की ती तो छोटा पेला घेऊन दारात उभी असते. मी खजूर खाऊन त्यावरच रोजा सोडत होतो. रोज. नंतर नमाजला उभा राहत होतो. अंगात ऊब यायची ती शेगडीची समजत होतो. मी दगड ओला करून शिंपले शोधत राहिलो आणि घरी येऊन हे.

मी तोंडात बोटं घालून ओकायचा प्रयत्न केला. हात वाळूने घासले. बोटांच्या टोकांना द्राक्षांचा काळा रंग बसला आहे, तो जात नाही. नोन्ना गरम पाणी घेऊन आली. तिला वाटतं, तिच्या हातून मला विष दिलं गेलं. ती चुलीपाशी बसून रडते आहे. मी तिच्याशी रागावूही शकत नाही. तिने तिच्या घरातलं सगळ्यात चांगलं दिलं.

पण माझं जाऊ दे. मैमुनाबी! पेशइमामाची आई, सत्तरी उलटलेली, आयुष्यभर नमाज न चुकलेली बाई, माझ्या हातची दारू घेऊन रोजा सोडते आहे. आज संध्याकाळीही सोडेल. मी इथून काय करू? तार करावी तर तिथल्या तारघरात आपल्याच जमातीचा अहमद बसतो. तासाभरात सगळ्या देऱ्याला कळेल. आपा, ती बाटली तिथून काढ. कशीही काढ. मग मी चाचांना सगळं लिहितो.

युसुफ

*

देरा, दुबई
२ जानेवारी १९६८

युसुफ,

हे वाचलंस की जाळ. तुझं मी चुलीत घातलं.

काल ईद झाली. तुझं पत्र ईदच्या आदल्या दिवशी आलं. मी नवे कपडे घातले, सगळ्यांना शीरखुर्मा वाढला, आणि स्वतः एक चमचाही खाल्ला नाही. तुझ्या भाऊजींनासुद्धा सांगितलं नाही. त्यांना वाटतं, माझी दाढ दुखते.

चाचांकडे गेले. वाटलं, म्हातारीचं लक्ष नसताना बाटली उचलू. तर तिने ती उशाशी ठेवली आहे, पानाच्या डब्याशेजारी! मी म्हटलं, मैमुनाबी, जुनं झालं असेल, टाकू या. तर माझ्यावरच डोळे वटारले, "माझ्या नातजावयाचं टाकतेस? ते मी ईदनंतरच्या सहा रोज्यांना ठेवलंय." आणि ती बाटली संपत कशी नाही, ते अल्लाह जाणे. मला तर त्या बाटलीची भीती वाटायला लागली आहे.

पण आता ऐक. न कळत झालं ते अल्लाह माफ करतो. तिला कळलेलं नाही, म्हणजे तिच्यावर गुन्हा नाही. तू सांगितलंस की मात्र तिला कळलं. मग ती म्हातारी जगेल का? चाचा शुक्रवारी लोकांपुढे उभे कसे राहतील? आणि अन्वरी? ईदला तिने तुझ्या नावाची मेंदी लावली होती, लपवून, तळहाताच्या आत. मी पाहिली.

बाटली एक दिवस संपेल. खलास. तू तोंड उघडू नकोस. चाचांना एक ओळ जरी लिहिलीस, तरी माझ्या दारात येऊ नकोस. मला या गल्लीत राहायचं आहे.

आपा

*

सांत अंब्रोजो
१० जानेवारी १९६८

खैरुद्दीनचाचांना युसुफचा सलाम.

हे पत्र अन्वरी वाचून दाखवेल, हे मला माहीत आहे. तिला विनंती आहे की मधला कोणताही शब्द गाळू नये.

मी आपल्या अम्मा मैमुनाबींसाठी पाठवलेली बाटली आगळाची नाही. ती शराब आहे. या भागात द्राक्षं माळ्यावर वाळवून त्यांची शराब करतात. मी कोकणातला माणूस, फळ वाळत घातलेलं दिसलं की बेगमीच समजतो. मला विचारता आलं नाही, आणि जे विचारलं त्याचं उत्तर मी माझ्या सोयीचं लावलं. मी स्वतःही तीन आठवडे त्यानेच रोजा सोडला; इथली म्हातारी ते मायेने द्यायची, आणि माझे हाल बघून तीही रडली. माझ्या आपाने बाटली दिली तेव्हा आत काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. तिला बोल लावू नये.

हे न सांगण्याबद्दल मी खूप विचार केला. नातं जाईल, हेही समजतं. पण अम्मा अजून सहा रोजे त्यावर सोडणार आहेत असं कळलं. एकदा ठाऊक झाल्यावर त्यातला एक थेंबही माझ्या नकळत गेला असं मला म्हणता येणार नाही. म्हणून लिहितो. ती बाटली आजच फेकून द्यावी.

अम्मांना सांगावं की नाही, ते आपण ठरवावं. मला आपल्या घरी येण्याचा हक्क राहिला नाही. हौदाचे दगड मात्र मी नीट पाहून भरले आहेत, त्यांच्याबद्दल शंका नसावी.

अन्वरीला हे मोठ्याने वाचावं लागलं, त्याची माफी मागतो.

युसुफ

*

देरा, दुबई
२२ जानेवारी १९६८

युसुफ,

मी खैरुद्दीन सांगतो आहे, अन्वरी लिहिते आहे.

तुझं पत्र आज दुपारी जोहरच्या नमाजनंतर वाचलं गेलं. 'शराब' या शब्दापाशी अन्वरी अडली. मी म्हटलं, "वाच की, पोराचं अक्षर तर छापल्यासारखं आहे." तेव्हा तिने तो शब्द मोठ्याने वाचला. सगळं ऐकल्यावर मी आईच्या उशाशी चाचपडत गेलो, बाटली घेतली आणि उंबऱ्यावर फोडली. पेशइमामाच्या घरात, रमजानमध्ये, माझ्या आईच्या तोंडात! तू चुकून केलंस हे मी मानतो. पण हा डाग घेऊन मी मुलगी देऊ शकत नाही. तुझं आणि आमच्या घराचं नातं इथे संप

(पुढचं असरच्या नमाजनंतर.)

वरची ओळ अर्धी का, ते सांगतो. अन्वरीने तिथे पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, दादीने ते घेतलंच नाही."

हारुनने बाटली आणली त्याच दिवशी अन्वरीने बूच काढलं होतं. आतून फेस आला आणि आंबूस वास सुटला. शराब म्हणजे काय ते तिला काय ठाऊक? तिला वाटलं, वाटेत आगळ आंबलं. आंबलेलं आगळ आपल्या घरात कोणती बाई पोटात जाऊ देते? तिने बकऱ्यांच्या कुंपणामागे वाळूत ओतलं, बाटली सोड्याने आणि उकळत्या पाण्याने धुतली. पण होणाऱ्या घरचं पहिलं देणं, ते नासलं असं दादीला कसं सांगायचं? म्हणून गुहागरहून आलेली आमसुलं भिजत घातली, गूळ घातला आणि बाटली भरून ठेवली. कमी झालं की पुन्हा भरत होती.

म्हणजे महिनाभर माझी आई आपलंच कोकम पीत होती आणि फिरंग्यांच्या जमिनीचं कौतुक करत होती.

हे ऐकून मी भिंतीला टेकून बसलो. आधी सजदा केला. मग हसलो. किती वेळ हसलो, ते माहीत नाही. नंतर वाटलं, पोरीने मला आणि हाफिजाला आधी सांगितलं असतं तर माझी बाटली वाचली असती आणि तुझं हे पत्र मला कधी मिळालंच नसतं. ते मिळालं, हे बरं झालं. तुला गप्प बसता आलं असतं. तसा सल्ला तुला कोणी दिला का, ते मी विचारत नाही. हाफिजाच्या दाढेची मात्र फार चर्चा आहे.

वरचा मजकूर खोडू का, असं अन्वरी विचारते. मी म्हटलं, राहू दे. काय होता होता राहिलं, ते त्यालाही दिसू दे.

तुझ्या रोज्यांचं आपण इथे बसून बोलू. तोवर तौबा कर, आणि त्या म्हातारीची माफी माग. दगडातले शिंपले शोधायला शिकलास, आता पेल्यात काय आहे तेही शिक. जहाज लागलं की ये. मंगनी ठरल्याप्रमाणेच.

खैरुद्दीन

हे पत्र टपालात टाकायचं तीन-चार दिवस राहून गेलं, म्हणून बाबांच्या परवानगीने चार ओळी मी लिहिते. दादीला आम्ही काही सांगितलेलं नाही. पण बाटली फुटल्यापासून ती रुसली आहे. तेच कोकम काचेच्या बरणीतून दिलं, तर एक घोट घेऊन म्हणाली, "हे आपलं. ते इटलीचं नाही." भूक पुन्हा गेली आहे, रात्री जागी असते. म्हणून येताना अगदी तशीच एक बाटली घेऊन या, तेवढ्याच उंचीची, सुतळी बांधलेली. नवीकोरी असू द्या, कोणी न वापरलेली.

रिकामी आणा.

अन्वरी